पुढच्या खिडकीत विचारा

मी तापट आहे असं आमच्या घरात म्हणतात. घरात म्हणजे विलास, माझा नवरा, आणि सुमेध, माझा मुलगा. दोघांपैकी एकालाही ओला टॉवेल दोरीवर टाकता येत नाही, पण माझा स्वभाव मात्र बरोबर कळतो. असो. मी चौतीस वर्षं एस.टी.च्या डेपोत चौकशीच्या खिडकीत काढली. समोर रांग, कानाला फोन, हातात माइक, आणि डोक्याच्या बरोबर वर ठळक अक्षरांत पाटी: पास शेजारच्या खिडकीत मिळतील. त्या पाटीखाली उभं राहून रोज पन्नास-साठ माणसं मला विचारायची, "मॅडम, पास कुठे मिळतो?" मी म्हणायचे, "पुढच्या खिडकीत विचारा." नोकरीत मला जगाबद्दल एवढं एकच ज्ञान मिळालं, पण ते पक्कं मिळालं. पाटी कुणी वाचत नाही.

निवृत्त झाले तेव्हा वाटलं, सुटले बाई. विरारच्या फ्लॅटमध्ये गॅलरीत बसेन, दुपारी झोपेन, कुणाला काही सांगायचं नाही. सुमेधने ते होऊ दिलं नाही.

त्याने नोकरी सांभाळून एक सॉफ्टवेअर केलं. नाव 'ऐकवा'. फोनमध्ये मराठीत काही लिहिलेलं असलं की ते मोठ्याने वाचून दाखवतं. ज्यांना दिसत नाही, ज्यांचा मोतीबिंदू पिकलाय, त्यांच्यासाठी. फुकट आहे, आणि त्याच्या आतलं सगळं कामही लोकांना उघडं आहे. कुणीही बघावं, कुणीही दुरुस्त करावं. ओपन सोर्स म्हणतात त्याला. मी म्हटलं, "म्हणजे तू राबायचं आणि लोकांनी फुकट न्यायचं?" तर म्हणाला, "आई, लोकही राबतात गं." आणि ते खरं निघालं. सांगलीची ज्ञानदा म्हणून एक मुलगी आहे, कॉलेजात शिकवते, सुमेधला तिने अजून एकदाही प्रत्यक्ष पाहिलेलं नाही, पण रविवार सगळा या कामात घालवते.

आता वाचून दाखवायचं तर आवाज हवा. सुमेध म्हणाला, "आई, तुझा दे. तू इतकी वर्षं फलाटांचे नंबर पुकारलेस, उच्चार स्वच्छ आहेत." मग बेडरूममध्ये चारी बाजूंनी गोधड्या टांगून, पंखा बंद करून, मी दोन महिने घाम पुसत साडेतीन हजार वाक्यं वाचली. 'आज आकाश निरभ्र आहे.' 'काकूंनी लोणच्याची बरणी उघडली.' असली वाक्यं. विलास बाहेरून म्हणायचे, "घरात ऐकतो ते कमी पडत होतं, आता खिशातही घेऊन फिरायचं." तर ऐकवातला आवाज तो माझा. महाराष्ट्रात काही हजार लोकांच्या फोनमध्ये मी बोलते, आणि एकही माझ्या शब्दाबाहेर नाही.

माणसं वाढली तसा गोंधळ वाढला. ज्याला जिथे सुचेल तिथे विचारायचं. कुणी सुमेधला लग्नाच्या पंगतीत गाठायचा, कुणी रात्री मेसेज करायचा, कुणी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर 'ऐकवा चालत नाही' म्हणून टाकायचा आणि त्यावर सेक्रेटरी पाण्याच्या टँकरचं उत्तर द्यायचे. सुमेध वाळत चालला. एक दिवस मी पदर खोचला. म्हटलं, मला सांग, लोकांनी कुठे विचारायला हवं? त्याने सांगितलं आणि मी वेबसाइटवर तीन खिडक्या करून घेतल्या. कसं वापरायचं ते कळत नसेल तर खिडकी एक, तिथे वापरणारेच एकमेकांना सांगतात. काही बिघडलं असेल तर खिडकी दोन, तिथे सुमेध आणि ज्ञानदा बघतात. काही नवीन हवं असेल तर खिडकी तीन. आणि ज्यांना दिसत नसल्यामुळे लिहिता येत नाही, त्यांच्यासाठी फोन, बुधवारी आणि शनिवारी, चार ते सहा. फोनवर मी. तिन्ही खिडक्यांवर लक्ष ठेवायलाही मीच. चुकीच्या खिडकीत आलेल्याला योग्य खिडकी सांगायची आणि त्याची नोंद बंद करायची. एकदा तक्रार मिटली की आठवड्याने त्या माणसाला फोन करून विचारायचं, सगळं ठीक आहे ना. हा शेवटचा नियमही माझाच, आणि मला त्याचा फार अभिमान होता. पुढे कळेल का सांगतेय ते.

महिन्याभरात सगळं सुतासारखं सरळ झालं. सुमेधचं वजन दोन किलो वाढलं. ज्ञानदाने मला मेसेज केला, "काकू, तुम्ही नसतात तर आम्ही दुकान बंद केलं असतं." मीही फुशारले. आणि मग ऑस्करभाऊ आले.

ऑस्करभाऊंना बोलता येत नाही. हे तुम्हाला आत्ताच सांगून टाकते, कारण मला ते उशिरा कळलं, आणि झालं ते सगळं त्या उशिरामुळे झालं. विरारजवळच्या गिरीज गावात त्यांची केळीची वाडी आहे. सहा महिन्यांपूर्वी घशाचं ऑपरेशन झालं, स्वरयंत्रच काढावं लागलं. गेले सहा महिने हा माणूस फोनवर लिहितो आणि ऐकवा ते मोठ्याने वाचतं. म्हणजे आम्ही जे न दिसणाऱ्यांसाठी केलं होतं, ते हा माणूस बोलण्यासाठी वापरत होता. माझ्या आवाजात. आणि मुलीचं लग्न तोंडावर आलं होतं. त्यांच्या घरातली रीत अशी, की लग्नाच्या आदल्या संध्याकाळी मांडवात मुलीच्या बापाने उभं राहून तिला आशीर्वाद द्यायचा आणि मग सगळ्यांना जेवायला बसा म्हणायचं. बापाने म्हटल्याशिवाय पंगत बसत नाही. त्यांच्या बापाने म्हटलं, आजाने म्हटलं. ऑस्करभाऊंनाही म्हणायचं होतं, आणि ऐकवा तीन वाक्यं बोलून गप्प बसत होतं.

एवढीच तक्रार. पण हे सांगायला त्यांनी काय केलं? खिडकी दोनमध्ये पत्र लिहिलं. एकोणीस ओळींचं.

'सप्रेम नमस्कार. आपण सर्व खुशाल असाल अशी आशा आहे. आमच्या गिरीजला यंदा केळीला बरे दिवस आहेत.' मग वाडीला पाणी कसं आहे ते. मग ॲनिशाचं लग्न ठरलं, मुलगा अर्नाळ्याचा, घरचे चांगले. मग 'आपल्या ऐकवातल्या बाईंचा आवाज फार सुरेख व घरगुती आहे, कृपया त्यांना नमस्कार सांगावा.' सतराव्या ओळीत कुठे तरी 'बाई तीन वाक्यं बोलून थांबतात' असं होतं. ते मी वाचलंच नाही. खिडकी दोनवर मी स्वतः पाटी लावली होती, काय बिघडलं ते एका ओळीत लिहा. मी बाराव्या ओळीलाच, माझ्यासाठीचा नमस्कार वाचूनही, वैतागले आणि लिहिलं, 'ही जागा बिघाड कळवण्याची आहे, शुभवार्तांची नाही. काही विचारायचं असल्यास खिडकी एक.' आणि नोंद बंद.

आता त्या माणसाचा दोष काय? गिरीजला कुणाच्या दारात जाऊन एकदम 'माझं हे बिघडलंय' म्हणत नाहीत. आधी बसायचं, खुशाली विचारायची, पाऊसपाणी बोलायचं, पाणी प्यायचं, आणि उठता उठता कामाचं सांगायचं. मदत मागायची ती माणसासारखी. ते मला तेव्हा कळलं नाही. मला दिसला तो पाटी न वाचणारा एक माणूस.

ते बिचारे खिडकी एकमध्ये गेले. यावेळी आठच ओळी. 'सप्रेम नमस्कार' होताच. मी लिहिलं, 'थांबतं म्हणजे बिघाड. बिघाड खिडकी दोनमध्ये.' ते परत खिडकी दोनमध्ये. तिथे फोन कुठला, त्यात ऐकवाची आवृत्ती कुठली, असं बरंच विचारलेलं असतं. ते सगळं त्यांनी कोरं सोडलं आणि खाली लिहिलं, 'चौदा तारखेच्या आत बाई बोलत्या व्हाव्यात ही नम्र विनंती.' अपुरी नोंद बंद करायची हा नियम. मी ती बंद केली आणि उदारपणे लिहिलं, 'लिहिणं जमत नसल्यास फोन करावा. बोलून सांगितलेलं लवकर कळतं.'

हे मी लिहिलं. ज्याचं स्वरयंत्र काढलंय त्या माणसाला. उचलली जीभ लावली टाळ्याला.

त्यांनी फोन केला. बुधवारी सव्वाचारला. मी म्हटलं, "नमस्कार, ऐकवा मदतकक्ष." पलीकडे काही नाही. "हॅलो, बोला." काही नाही. नुसतं टकटक वाजल्यासारखं. ते लिहीत होते, हे मला काय माहीत? मी दहा सेकंद थांबले आणि ठेवला. मागे बाकीच्यांचे फोन येत होते.

दहा मिनिटांनी पुन्हा तोच नंबर. यावेळी त्यांनी आधी लिहून ठेवलं होतं. मी हॅलो म्हटलं आणि पलीकडून माझाच आवाज आला.

"सप्रेम नमस्कार. मी गिरीजहून ऑस्कर बोलतोय. आपण सर्व खुशाल असाल."

आणि चिडीचूप.

बघा आता. तीन वाक्यांनंतर बंद पडणारं यंत्र, आणि त्या माणसाने ती तीनही वाक्यं खुशाली विचारण्यात घालवली. चौथं वाक्य कामाचं होतं, ते कधी आलंच नाही. मला वाटलं, कुणी तरी कारटं माझा आवाज वापरून माझीच थट्टा करतंय. मी म्हटलं, "आम्ही खुशाल आहोत. तुम्ही खुशाल असाल तर फोन ठेवा." आणि ठेवला. पाच वाजता परत. पुन्हा माझा आवाज, पुन्हा सप्रेम नमस्कार, पुन्हा खुशाली, पुन्हा शांतता. नाकावरचा राग खाली उतरायचं नाव घेईना. मी तो नंबरच बंद करून टाकला. विलासना म्हटलं, "लोकांना काही कामं नाहीत." ते म्हणाले, "तुझा आवाज ऐकून गप्प बसला म्हणजे संसारी माणूस असणार."

शनिवारी चारच्या ठोक्याला फोन वाजला. मुलीचा आवाज, शांत. शांत आवाजाची माणसं मला खिडकीतही नको वाटायची. आरडाओरडा करणाऱ्याला पुढच्या खिडकीत पाठवता येतं.

"आंटी, मी ॲनिशा बोलतेय, गिरीजहून. तुम्ही माझ्या पप्पांचा नंबर ब्लॉक केलाय."

"कोण पप्पा?"

"ऑस्कर. त्यांनी तुम्हाला तीनदा लिहिलं आणि तीनदा फोन केला."

"अगं, मग बोलायचं ना फोनवर. नुसतं नमस्कार करून गप्प बसायचं याला काय अर्थ आहे?"

"त्यांना बोलता येत नाही, आंटी. ऑपरेशन झालंय घशाचं. ते तुमच्याच सॉफ्टवेअरवर बोलत होते."

पुढच्या खिडकीत विचारा, असं आता म्हणता येत नव्हतं. लाज वाटली, दुसरा शब्द नाही. तिनेच मग सांगितलं, लग्न पंधराला, चौदाला संध्याकाळी मांडव. म्हणजे त्या दिवसापासून बरोबर सात दिवस. म्हणाली, "दुसरं कुणीही बोलेल त्यांच्या जागी. काका तयार आहेत. पण पप्पांनी जेवण सोडल्यासारखं केलंय. दिवसभर फोन घेऊन बसतात, तीन वाक्यं ऐकतात, परत पहिल्यापासून लावतात."

"ते काय म्हणाले माझ्याबद्दल?" मी विचारलं. न विचारलं असतं तरी चाललं असतं.

"म्हणाले, बाई स्वभावाने कडक आहे, पण आवाज चांगला आहे."

फोन ठेवला, आधी ऑस्करभाऊंचा नंबर पुन्हा चालू केला आणि ती एकोणीस ओळींची नोंद काढून शेवटपर्यंत वाचली. मग सुमेधच्या खोलीत गेले. तो शनिवारचा झोपला होता. मी पांघरूण ओढलं. म्हटलं, "ऊठ. माझ्यामुळे एका माणसाची वाचा बसलीये." तो घाबरून उठला. सगळं ऐकल्यावर म्हणाला, "आई, खिडकी दोनमध्ये नोंदव ना, बघतो." मी त्याच्याकडे नुसतं बघितलं. तो लगेच टेबलाशी जाऊन बसला.

मांडवात वाचायचा मजकूर ॲनिशाने पाठवला. ते एक गुपितच होतं, पण ऑस्करभाऊंनी परवानगी दिली होती. सुमेध तो लावून बघायचा, तीन वाक्यांवर थांबला की काही तरी बदलायचा, पुन्हा लावायचा. तिकडे सांगलीत ज्ञानदा तेच करत होती. रविवार, सोमवार, मंगळवार, घरात दिवसभर माझा आवाज ऑस्करभाऊंचा आशीर्वाद देत होता. मी भाजी चिरतेय आणि मीच आतून बोलतेय. विलासनी कानात कापूस घातला. मला तो मजकूर शब्द न् शब्द पाठ झाला. शेवटी सापडलं ते एवढंसं. त्यांच्या फोनसारख्या काही फोनांत पडदा काळा झाला की फोन बॅटरी वाचवायला ऐकवालाही झोपवायचा. न दिसणाऱ्यांचे फोन वेगळ्या पद्धतीने लावलेले असतात, म्हणून त्यांना कधी हा त्रास झाला नव्हता. बुधवारी दुरुस्ती झाली, गुरुवारी नवी आवृत्ती गेली. ॲनिशाचा मेसेज आला, 'सगळं वाचतंय. पप्पा तीनदा जेवले.' आणि खाली, 'आंटी, शनिवारी मांडवाला या. पप्पा म्हणतात, तुमच्याशिवाय मी बोलणार कसा.'

शनिवारी चार ते सहा माझा फोन. तो मी ज्ञानदाकडे वळवला, तिला वही वाचून दाखवली, कुणाला काय सांगायचं, कुणाला परत फोन करायचा. आणि ठेवणीतली साडी नेसून गिरीजला गेले.

मांडव वाडीतच घातला होता, मागे केळी, बाजूला नारळ. दारातच ऑस्करभाऊंची बायको, एलिसाबाई. मी नाव सांगितलं तशी तिने कमरेवर हात ठेवले. "तुम्हीच होय त्या? सहा महिने माझ्या घरात राहताय. माझा नवरा सकाळी उठून चहा मागतो तो तुमच्या आवाजात. पाठ चोळून दे म्हणतो तोही तुमच्या आवाजात. आणि चहाला मात्र आज आलात." आजूबाजूच्या बायका तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. मी म्हटलं, "बाई, मी माझ्या नवऱ्यालाही कधी चहा मागितलेला नाही." तिने माझा हात धरला आणि पुढच्या रांगेत नेऊन बसवलं.

ऑस्करभाऊ उंच निघाले, गळ्याला पांढरा रुमाल. माझ्यासमोर आले, हात जोडले आणि फोनवर काही लिहिलं. माझाच आवाज मला म्हणाला, "सप्रेम नमस्कार. आपण सर्व खुशाल असाल." त्यांचे डोळे हसत होते. मीही हात जोडले. म्हटलं, "खुशाल आहोत, ऑस्करभाऊ. आणि यंदा केळी कशी आहे?" ते हसले, पण हसण्याचा आवाज आला नाही.

पाच वाजता त्यांनी ॲनिशाला समोर उभं केलं. फोन मोठ्या स्पीकरला जोडला होता. दोनेकशे माणसं असतील. मला ठाऊक होतं पुढे काय येणार, तरी मी बोटांवर वाक्यं मोजायला लागले.

"जमलेल्या सगळ्यांना ऑस्करचा नमस्कार," माझा आवाज सगळ्या वाडीभर गेला. "मला आता बोलता येत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. हा आवाज माझा नाही, पण बोलणं माझं आहे."

तीन वाक्यं झाली. मी मनात म्हटलं, चल बाई, चौथं.

आणि फोन वाजला. स्पीकरमधून, सगळ्या मांडवात, ट्रिंग ट्रिंग. ऑस्करभाऊ गडबडले, कट करायला गेले आणि उचलला गेला.

"नमस्कार, ऐकवा मदतकक्षातून ज्ञानदा बोलतेय," स्पीकर म्हणाला. "आपली नोंदवलेली तक्रार मिटली आहे का, हे विचारायला फोन केला होता. ऐकवा आता नीट बोलतंय ना?"

तक्रार मिटली की आठवड्याने फोन करून विचारायचं. माझा नियम. आणि वहीत आठवडा मी ॲनिशाच्या फोनपासून मोजला होता. शनिवार ते शनिवार.

लोक हसायला लागले. वाईट हसणं नव्हतं ते, मलाही एरवी हसू आलं असतं. ऑस्करभाऊंनी फोन कट केला, पुन्हा ऐकवा लावायला गेले, भलतंच काही उघडलं, मग पुन्हा 'जमलेल्या सगळ्यांना' सुरू झालं आणि त्यांनीच ते बंद केलं. त्यांनी मान वर केली आणि मांडवाकडे बघितलं. काकांच्या नावाने मागून कुणी तरी म्हणालं, तू बोल रे. काका उठायला लागले. ऑस्करभाऊंनी फोन खिशात घातला.

मी उभी राहिले. विचार केला नाही. खिडकीत बसले असताना मी चौतीस वर्षांत एकदाही कुणासाठी खुर्चीवरून उठले नव्हते.

माझ्या आवाजाला माइक लागत नाही. जिथे थांबलं होतं तिथून पुढे म्हटलं.

"ॲनिशा, तू लहान असताना मी वाडीतून हाक मारली की तू ओ द्यायची नाहीस. तुला ऐकू यायचं, मला माहीत होतं. मी दुसऱ्यांदा हाक मारावी म्हणून तू गप्प बसायचीस, आणि मी मारायचो."

माझ्या मागून कुणी म्हातारी स्वच्छ म्हणाली, "अगो, ऑस्करचा आवाज साडी नेसून आलाय." कुणी हसलं नाही. ॲनिशा माझ्याकडे बघत नव्हती. ती बापाकडे बघत होती. ऑस्करभाऊ तिच्याकडे बघत होते आणि त्यांचे ओठ हलत होते, माझ्या शब्दांबरोबर, एक अक्षर मागे नाही, पुढे नाही.

"आता मला पहिली हाकही मारता येत नाही," मी म्हटलं. साडेतीन हजार वाक्यं वाचताना मी कधी मधेच थांबले नव्हते. मी थांबले. ऑस्करभाऊंनी माझ्याकडे बघून हलकेच मान हलवली, सावकाश बोला, म्हणून.

"म्हणून तूच येत जा. न बोलावता येत जा. देव तुझं भलं करो."

ॲनिशा बापाच्या गळ्यात पडली. त्या पांढऱ्या रुमालाला डोकं लावून रडली. एलिसाबाई रडली. मीही रडले, खोटं कशाला बोलू. पण एक वाक्य राहिलं होतं आणि दोनशे माणसं उपाशी होती. मी डोळे पुसले आणि डेपोत शेवटची गाडी पुकारायचे तशी म्हणाले, "आता सगळ्यांनी जेवायला बसा."

आणि पंगत बसली.

घरी आल्यावर सुमेधने विचारलं, फोन आला की वाचन थांबू नये, असं काही करता येईल, खिडकी तीनमध्ये टाकू का? मी म्हटलं टाक. नियमही बदलला. आता चुकीच्या खिडकीत आलेल्याची नोंद मी बंद करत नाही, उचलून योग्य खिडकीत नेऊन ठेवते आणि त्या माणसाला कळवते. वेळ जातो. ज्ञानदा म्हणते, काकू, तुम्ही मऊ पडलात. मी तिला म्हटलं, मांडवात भर आशीर्वादात फोन करणारीने मला शिकवू नये.

नंतरच्या महिन्यातला एक बुधवार. साडेचार वाजलेले, मागे दोन फोन ताटकळत होते. गिरीजचा नंबर आला. मी उचलला. पलीकडे शांतता, आणि मग ती टकटक. मी थांबले. दहा सेकंद झाली, वीस झाली. विलास म्हणाले, फोन बंद पडलाय का? मी हाताने गप्प केलं.

मग माझा आवाज आला.

"सप्रेम नमस्कार. आपण सर्व खुशाल असाल. इकडे आम्ही खुशाल. तक्रार काही नाही." पुन्हा टकटक. "ॲनिशा आलीये. मी बोलावलं नव्हतं."

हा फोन फक्त अडचणी सांगण्यासाठी आहे, अशी पाटी मीच लावलीये. ती मी त्यांना वाचून दाखवली नाही.

"बरं झालं, ऑस्करभाऊ," मी म्हटलं. "लिहा सावकाश. मी थांबलेय."